कुत्र्याच्या हृदयांतील कृमि: ओळख आणि उपचार

भाऊच्या धक्क्याहून सुटलेली लाँच साधारण तासाभरानें मोरा बंदराला लागते. भरती असेल तर ती वेळेवर येते. ओहोटीनें गाळ उघडा पडला असेल तर उतारूंना पाणी चढण्याची वाट पाहत बसावें लागतें. अशा वेळीं धक्क्यावर माणसांच्या सोबतीला असतात तीं कुत्रीं आणि डांस. मोरा हें उरणचें बंदर. उरण हा पूर्वीं पनवेल तालुक्याचा पेटा होता. आज तो रायगड जिल्ह्यांतील स्वतंत्र तालुका आहे. समुद्र, खाडी, तिवरांचें रान, भोवतालचीं मिठागरें आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस हीं सर्व जेथें एकत्र आलीं आहेत, तेथें डांसांना बाराही महिने सुकाळ असावा यांत नवल तें काय?

अशा गांवांतील एखाद्या घरचा सात-आठ वर्षांचा कुत्रा पावसाळा सरतां सरतां खोकूं लागतो. रोज संध्याकाळीं धक्क्यापर्यंत धांवत जाणारा तो प्राणी आतां अर्ध्या वाटेवरच धापा टाकीत बसतो. घरचीं माणसें म्हणतात, ओल बाधली असेल, चार उन्हें पडलीं म्हणजे बरा होईल. उन्हें पडतात, परंतु खोकला जात नाहीं. शेवटीं त्याला पशुवैद्याकडे नेण्यांत येतें, रक्ताचा एक थेंब कांचेवर घेऊन सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरला जातो, आणि त्या थेंबांत रक्तपेशींना ढकलीत वळवळणारा एक बारीकसा धागा दिसतो. 'याच्या रक्तांत कृमि आहेत' हे शब्द कानीं पडले कीं घरांत चिंता पसरते, आणि पहिला प्रश्न निघतो तो हा, कीं हे कृमि ताबडतोब मारून टाकणारें औषध कोणतें?

प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु या रोगाच्या बाबतींत त्यांतील 'ताबडतोब' हा शब्दच धोक्याचा आहे. हृदयांतील कृमि मारतां येतात. खरी अडचण आहे ती मेलेल्या कृमींची वाट लावण्याची, आणि त्या अडचणींत कुत्र्याचा प्राण पणास लागलेला असतो. म्हणून औषधाचें नांव विचारण्यापूर्वीं दोन गोष्टी समजून घेणें अवश्य आहे. दिसलेला धागा कोणत्या कृमीचा आहे ही पहिली. आणि तो हृदयकृमीचाच ठरल्यास उपचाराला इतका विलंब व इतकी विश्रांति कां लागते ही दुसरी.

हृदयकृमीचें शास्त्रीय नांव डिरोफिलारिया इमिटिस. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहराचे शास्त्रज्ञ जोसेफ लायडी यांनीं १८५६ सालीं त्याला 'इमिटिस' हें विशेषण लाविलें. या लॅटिन शब्दाचा अर्थ निर्दय असा आहे. पूर्ण वाढलेली मादी २५ ते ३० सेंटिमीटर, म्हणजे सुमारें एक फूट लांब असते. नर १२ ते २० सेंटिमीटर. जाडी मात्र शिजविलेल्या शेवईएवढीच. नांव हृदयकृमि असलें तरी त्याचें नेहमींचें वसतिस्थान हृदय नव्हे. हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या ज्या धमन्या, त्यांत हे कृमि राहतात. त्यांची गर्दी फार झाली म्हणजे ते मागें सरून हृदयाच्या उजव्या कप्प्यांत उतरतात. तेथें ते ५ ते ७ वर्षें जगूं शकतात. त्यांच्या सततच्या घर्षणानें धमन्यांचें अस्तर खडबडीत व जाड होतें, रक्ताला वाट अपुरी पडते, आणि तेंच रक्त अरुंद वाटेनें लोटण्यासाठीं हृदयाला दुप्पट कष्ट पडतात. खोकला, दम लागणें, वजन घटणें आणि पुढें पोटांत पाणी होणें हीं सर्व लक्षणें या एका कारणांतून उद्भवतात. आरंभीं मात्र बाहेरून कांहींच दिसत नाहीं, आणि आळशी कुत्र्यांत तर तें फार उशिरां दिसतें. कारण जो धांवतच नाहीं त्याला दम लागल्याचें कळणार कसें?

हृदयकृमीची मादी अंडीं घालीत नाहीं. ती जिवंत पिलें रक्तांत सोडते. त्यांची लांबी एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असते. हीं पिलें कुत्र्याच्या रक्तांत दोन-दोन वर्षें फिरूं शकतात. परंतु तेथें फिरत असतां तीं कधींही मोठीं होत नाहींत. गाभण कुत्रीच्या रक्तांतून तीं तिच्या गर्भांतही जाऊं शकतात, पण तेथेंही त्यांची वाढ खुंटलेलीच राहते. वाढीसाठीं त्यांना डांसाच्या शरीरांत कांहीं काळ काढावाच लागतो. १८७७ सालीं चीनमधील अमॉय बंदरांत पॅट्रिक मॅन्सन यांनीं मनुष्याच्या हत्तीरोगाचे कृमि डांसाच्या शरीरांत वाढतात हें दाखविलें, आणि १९०० सालीं इटलींत ग्रासी व नोए यांनीं कुत्र्याच्या या कृमीचाही डांसाशीं असाच संबंध असल्याचें सिद्ध केलें. म्हणजे हत्तीरोग आणि हृदयकृमि-रोग हे एकाच कुळांतले असून दोघांचा वाहकही एकाच जातकुळीचा आहे.

डांसाच्या शरीरांतील ही वाढ उष्णतेवर अवलंबून असते. सुमारें २७ अंश सेल्सिअस उष्णतेंत ती १० ते १४ दिवसांत पुरी होते. १४ अंशांच्या खालीं ती थांबते. थंड देशांत त्यामुळें हिवाळ्याचे कांहीं महिने कुत्र्यांना अभय मिळतें. मोऱ्यासारख्या कोंकणच्या किनाऱ्यावर तें अभय कधींच मिळत नाहीं. वाढ पुरी झालेला अंकुर डांस चावतांना कातड्यावर उतरतो व चाव्याच्या भोकांतून आंत शिरतो. पहिले सुमारें दोन महिने तो कातडीखालीं व स्नायूंत काढतो, नंतर रक्तवाहिनींत शिरून फुप्फुसांच्या धमन्यांत पोंचतो, आणि चाव्यापासून ६ ते ७ महिन्यांनीं पूर्ण वाढून पिलें सोडूं लागतो. श्रावणांत चावलेल्या डांसाचा परिणाम रक्तांत दिसावयास माघ-फाल्गुन उजाडतो तो यामुळेंच. हा कालक्रम ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे. कारण कृमीच्या वयाप्रमाणें त्याच्यावरील औषधही बदलतें. कोंवळा अंकुर एका औषधाला बळी पडतो, पूर्ण वाढलेला कृमि दुसऱ्याला. आणि मधल्या वयाचा कृमि कांहीं काळ दोहोंनाही फारशी दाद देत नाहीं.

आतां मोऱ्याच्या त्या कुत्र्याच्या रक्तांत दिसलेल्या धाग्याकडे वळावें. तो हृदयकृमीचा असेलच असें समजण्याचें कारण नाहीं. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत मुंबई, दिल्ली, सिक्कीम व लडाख या चार ठिकाणच्या कुत्र्यांचें रक्त तपासण्यांत आलें होतें. या कामांत ऑस्ट्रेलियांतील विद्यापीठांच्या संशोधकांबरोबर परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचाही सहभाग होता. या पाहणींत हृदयकृमीचे दोन भाऊबंद, डिरोफिलारिया रेपेन्स व अकँथोकिलोनेमा रेकॉन्डिटम, हे आढळून आले. खऱ्या हृदयकृमीचा पुरावा मात्र मिळाला नाहीं. उलट आसाम व ईशान्य भारतांतील इतर प्रदेशांत खरा हृदयकृमि वारंवार आढळलेला आहे. तेव्हां कोंकणांतील कुत्र्याच्या रक्तांत धागा दिसला, तर तो या भाऊबंदांपैकीं कोणाचा असण्याचा संभव प्रथम तपासला पाहिजे.

या तिघांचा स्वभाव अगदीं भिन्न आहे. रेपेन्स म्हणजे सरपटणारा. तो कातडीखालीं राहतो. कोठें गांठ येते, कोठें खाज सुटते, आणि पुष्कळदां तर कांहींच होत नाहीं. त्याचा प्रसारही डांसच करतात. रेकॉन्डिटम याला डांस लागत नाहीं. पिसवा व उवा हे त्याचे वाहक असून तो कुत्र्याला जवळजवळ निरुपद्रवीच असतो. तिसरा, म्हणजे खरा हृदयकृमि, प्राणघातक. परंतु रक्ताच्या थेंबांत तिघांचींही पिलें घाईच्या नजरेला सारखींच दिसतात. समजा, मोऱ्याचा तो कुत्रा वयोमानानें हृदयाची झडप सैल झाल्यामुळें खोकत आहे, आणि त्याच्या रक्तांत पिसवांनीं आणलेला निरुपद्रवी कृमि योगायोगानें फिरत आहे. या दोन गोष्टींची सांगड घालून कोणी त्याला हृदयकृमीवरील जहाल औषध टोचलें, तर ज्या रोगाची त्याला बाधाच नाहीं त्यासाठीं त्याला सोमलाचा मारा सोसावा लागेल, आणि ज्या झडपेमुळें तो खोकतो आहे ती तशीच राहील.

ही चूक टाळण्याचे मार्ग अवघड नाहींत. १९३९ साली नॉट यांनीं सुचविलेली एक साधी तपासणी आजही वापरांत आहे. १ मिलिलिटर रक्त फॉर्मॅलिनच्या अगदीं सौम्य द्रावणांत मिसळून तें यंत्रांत वेगानें फिरवितात, आणि तळाशीं बसलेला गाळ निळ्या रंगांत रंगवून पाहतात. असें केल्यानें पिलें मरून सरळ पडतात व त्यांचें मोजमाप घेतां येतें. हृदयकृमीच्या पिलाचें डोकें निमुळतें व शेंपूट सरळ असतें. रेकॉन्डिटमचें डोकें बोथट असून शेंपूट पुष्कळदां आंकड्यासारखें वळलेलें असतें. रेपेन्सचें पिलूं या दोहोंहून लांब असतें. दुसरी तपासणी हृदयकृमीच्या पूर्ण वाढलेल्या मादीच्या शरीरांतून रक्तांत उतरणाऱ्या एका द्रव्याचा शोध घेते. ती थोड्या मिनिटांत होते व बहुधा विश्वसनीय असते. मात्र कृमि फार थोडे असले, सर्व नरच असले, किंवा संसर्गाला अजून सहा महिने झाले नसले तर ती 'नाहीं' असें चुकीचें उत्तर देऊं शकते. म्हणून दोन्ही तपासण्या एकत्र कराव्यात असा प्रघात आहे. याशिवाय छातीचें क्षकिरण-चित्र धमन्या किती सुजल्या आहेत तें सांगतें, आणि ध्वनिलहरींच्या साहाय्यानें हृदयाचें चित्र घेतलें तर कृमि दोन समांतर शुभ्र रेघांसारखे प्रत्यक्ष दिसूं शकतात.

या सर्व सोयी खेड्यांत नसल्या तरी मोरेकरांना त्या फार दूर नाहींत. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि त्याच आवारांत बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय आहे. जुने मुंबईकर त्याला अजूनही 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणतात. जानेवारी २०२४ पासून उरणला लोकलगाडीही येऊं लागली आहे. त्यामुळें ओहोटीच्या वेळीं लाँचची वाट पाहत आजारी कुत्र्याला उन्हांत ताटकळत ठेवण्याचें कारण उरलें नाहीं. दळणवळण वाढल्याचा दुसरा परिणामही विचारांत घेतला पाहिजे. आज कुत्रीं रेल्वेनें आणि विमानानें प्रवास करतात. गुवाहाटीहून बदली होऊन आलेल्या कुटुंबाचा किंवा अमेरिकेहून परत आलेल्या मुलाचा कुत्रा खरा हृदयकृमि घेऊन येऊं शकतो, आणि त्याला चावून दुसऱ्याला चावण्यास येथले डांस तयारच आहेत. कुत्रा कोठून आला, कोठें कोठें राहिला, हें पशुवैद्याला आपण होऊन सांगणें ही म्हणूनच निदानाची पहिली पायरी होय.

समजा, तपासण्यांअंतीं तो खरा हृदयकृमीच ठरला. मग मुख्य प्रश्न उभा राहतो. आंतड्यांतील जंत मेला तर तो शौचावाटे बाहेर पडतो. धमनींतील कृमीला बाहेर पडण्यास वाटच नाहीं. तो मेला कीं रक्ताच्या ओघाबरोबर पुढें वाहत जातो, आणि फुप्फुसांतील वाहिन्या पुढें पुढें बारीक होत गेल्या असल्यामुळें कोठेंतरी अडकतो. तेथें रक्ताची गुठळी धरते, सूज येते, आणि शरीराच्या पेशी त्या मृत कृमीला हळूहळू विरघळवून नाहींसा करीपर्यंत कित्येक आठवडे जातात. एखादा-दुसरा कृमि असा जिरला तर बाधत नाहीं. पण तीस-चाळीस कृमि एकाच आठवड्यांत मेले, आणि त्याच वेळीं कुत्रा मांजरामागें धांवत सुटला, तर हृदय जोरानें रक्त फेंकतें, कृमींचे तुकडे एकदम पुढें रेटले जातात आणि फुप्फुसाचे मोठाले भाग बंद पडतात. उपचारांत कुत्रीं दगावतात तीं बहुतांशीं अशीं. औषधाच्या विषानें जितकीं दगावत नाहींत तितकीं एका धांवेनें दगावतात.

या रोगावरील जुनें औषध १९४० नंतरच्या दशकांत प्रचारांत आलें. तें सोमलाचें होतें व शिरेंत टोंचावें लागे; थेंबभर बाहेर सांडला तर तेथील मांस सडे, आणि यकृत व मूत्रपिंड यांनाही इजा पोंचे. १९९० नंतरच्या दशकांत त्याची जागा मेलार्सोमाइन या औषधानें घेतली. तेंही सोमलाचेंच, परंतु तें कमरेजवळच्या पाठीच्या स्नायूंत खोल टोंचतात आणि तें पुष्कळ अधिक सुरक्षित आहे. तरीही निदान झाल्याच्या दुसऱ्याच दिवशीं तें टोंचीत नाहींत. अमेरिकेंतील हृदयकृमि-संस्थेनें आंखून दिलेला क्रम आज सर्वत्र मानला जातो, आणि तो या रोगाच्या सर्व अडचणी पाहून बांधलेला आहे.

निदानाच्या दिवसापासूनच कुत्र्याची धांवपळ बंद करावयाची. कोंवळे अंकुर मारणारें महिन्याचें प्रतिबंधक औषध लागलीच सुरू करावयाचें, म्हणजे नवी भर पडत नाहीं. पहिले चार आठवडे डॉक्सिसायक्लीन हें औषध दिवसांतून दोनदां द्यावयाचें. याचा उद्देश मोठा मौजेचा आहे. हृदयकृमीच्या शरीरांत वोल्बाकिया नांवाचे जंतु वस्तीला असतात, आणि त्यांच्यावांचून कृमीचें चालत नाहीं. डॉक्सिसायक्लीन त्या जंतूंना मारतें. त्यामुळें कृमि दुबळा होतो, मादी वांझ होते, आणि पुढें कृमि मेला तरी त्याच्या शरीरांतून बाहेर पडणारे दाहक पदार्थ पुष्कळ कमी असतात. म्हणजे शत्रूवर हल्ला करण्यापूर्वीं त्याची रसद तोडल्यासारखेंच हें आहे. नंतर एक महिना थांबावयाचें. तेवढ्या अवधींत मधल्या वयाचे कृमि वाढून औषधाच्या टप्प्यांत येतात. साठाव्या दिवशीं मेलार्सोमाइनची पहिली सुई, नव्वदाव्या दिवशीं दुसरी आणि एक्याण्णवाव्या दिवशीं तिसरी. पहिल्या एकट्या सुईनें थोडेच कृमि मरावेत अशी योजना आहे. त्यांची विल्हेवाट लागली म्हणजे उरलेल्यांवर दोन सुयांचा घाव घालावयाचा. बरोबर सूज आंवरण्यासाठीं प्रेडनिसोलोन किंवा तत्सम औषध मोजक्या व उतरत्या प्रमाणांत देतात. या तीन सुयांच्या पद्धतीनें शेंकडा ९८ पर्यंत कृमि नाहींसे होतात असा अनुभव आहे. शेवटच्या सुईनंतर सुमारें नऊ महिन्यांनीं पुन्हा रक्त तपासून खात्री करून घ्यावी लागते.

यांतील औषधें पशुवैद्य देतो. विश्रांति मात्र घरच्यांनीं द्यावयाची असते, आणि निम्मा उपचार तोच आहे. निदानापासून शेवटच्या सुईनंतर सहा ते आठ आठवडे होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पांच महिने, कुत्र्यानें धांवूं नये, उडी मारूं नये, जिने चढूं नयेत. त्याला घरांत किंवा पडवींत आंखूड दोरीनें ठेवावें आणि देहधर्मापुरतें दोरी धरूनच बाहेर न्यावें. धक्क्यावरची संध्याकाळची फेरी, समुद्रांतील पोहणें, मुलांबरोबरचा चेंडूचा खेळ, सर्व बंद. उपचाराची तारीखही विचारानें निवडावी. सुईनंतरचे दिवस दिवाळींत आले तर फटाक्यांच्या आवाजानें बुजून कुत्रा दोरी तोडून पळतो. सुईनंतर पांच ते दहा दिवस, आणि कधीं कधीं चार आठवड्यांपर्यंत, विशेष जपावें लागतें. या काळांत खोकला वाढला, ताप आला, खोकल्यांतून रक्त पडलें किंवा कुत्र्यानें अन्न सोडलें, तर सकाळची वाट न पाहतां पशुवैद्याला कळवावें. सर्वांत कठीण प्रसंग येतो तो कुत्र्याला बरें वाटूं लागल्यावर. खोकला थांबतो, डोळे तरतरीत होतात, आणि घरांतील एखाद्या दयाळू माणसाला त्याची कींव येऊन तो दोरी सोडतो. ती दया त्याच्या जिवावर उठूं शकते, हें घरांतल्या लहान मुलालाही समजावून सांगितलें पाहिजे.

कांहीं वेळां मेलार्सोमाइन मिळत नाहीं, किंवा कुत्र्याची प्रकृति तें सोसण्याजोगी नसते. अशा वेळीं प्रतिबंधक औषध दर महिन्याला आणि डॉक्सिसायक्लीन चार आठवडे असा संथ मार्ग स्वीकारतात. त्यानें कृमि हळूहळू मरतात. पण त्यास वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो, तेवढा काळ धमन्यांची हानि चालूच राहते, आणि तेवढा काळ विश्रांतीचें बंधनही राहतें. म्हणून हा मार्ग नाइलाजाचा समजतात. याच्या उलट टोंकाला एक तांतडीचा प्रसंग आहे. कृमींचा झुबका हृदयाच्या उजव्या कप्प्यांत उतरून झडप अडवितो, कुत्रा एकाएकीं कोलमडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात आणि लघवी कॉफीच्या रंगाची होते. येथें कोणतेंही मारक औषध चालत नाहीं. मानेच्या शिरेंतून लांब चिमटा घालून कृमि प्रत्यक्ष ओढून काढणें एवढाच उपाय उरतो, आणि तोही कांहीं तासांत झाला तर.

इतक्या कष्टांच्या उपचारापुढें प्रतिबंध अगदीं सोपा आहे. जपानांतील किटासाटो संस्थेचे सातोशी ओमुरा यांनीं इतो शहराजवळच्या मातींत सांपडलेल्या एका सूक्ष्म जीवापासून जें द्रव्य पुढें आणलें, त्यावरून अमेरिकेंत विल्यम कँबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आयव्हरमेक्टिन तयार केलें. १९८७ पासून अमेरिकेंत तें कुत्र्यांना महिन्यांतून एकदां हृदयकृमीच्या प्रतिबंधासाठीं दिलें जाऊं लागलें; आणि २०१५ सालीं या शोधाबद्दल ओमुरा व कँबेल यांना नोबेल पारितोषिक मिळालें. मागील महिन्यांत डांसांनीं सोडलेले कोंवळे अंकुर ही एक गोळी नाहींसे करते.

पण येथेंही दोन सावधगिरीच्या सूचना आहेत. प्रतिबंधाची मात्रा कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोला केवळ ६ मायक्रोग्रॅम आहे. गुरांसाठीं मिळणाऱ्या नेहमींच्या टोंचण्याच्या औषधाच्या एका मिलिलिटरांत १०,००० मायक्रोग्रॅम असतात. म्हणजे तें एक मिलिलिटर १० किलो वजनाच्या दीडशेहून अधिक कुत्र्यांना पुरेल. गुरांचें औषध अंदाजानें कुत्र्याला देणें किती अविचाराचें आहे हें यावरून दिसेल. कोली व त्याच्या जातभाईंपैकीं पुष्कळ कुत्र्यांत एक आनुवंशिक उणीव असल्यामुळें मोठ्या मात्रेनें हें औषध त्यांच्या मेंदूंत शिरून त्यांना बेशुद्ध करतें. दुसरी सूचना अशी, कीं हत्तीरोग-निर्मूलनाच्या मोहिमेंत माणसांना वाटल्या जाणाऱ्या डायएथिलकार्बामाझिनच्या गोळ्या उरल्या म्हणून कुत्र्याला देऊं नयेत. त्याच्या रक्तांत हृदयकृमीचीं पिलें असलीं तर त्या गोळीनें त्याला कांहीं तासांत प्राणघातक धक्का बसूं शकतो. कोणतेंही प्रतिबंधक औषध सुरू करण्यापूर्वीं रक्त तपासून घ्यावें, हा नियम याच कारणास्तव आहे.

राहिला प्रश्न डांसांचा. त्यांचा बंदोबस्त केवळ कुत्र्यासाठीं करावयाचा नाहीं. रेपेन्स हा कृमि डांसांच्या वाटे माणसांतही येतो. केरळांत व पश्चिम किनाऱ्यावर माणसाच्या डोळ्याच्या पांढऱ्या पडद्याखालून तो काढल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. तो माणसांत पिलें घालून पसरत नाहीं व शस्त्रक्रियेनें काढतां येतो; तरी ज्याच्या डोळ्यांत तो सरपटतो त्याला हें समाधान फार थोडें. खाडी आणि तिवर कोणाला हलवितां येणार नाहींत. पण होड्यांना टेंकण म्हणून बांधलेल्या जुन्या टायरांत, अंगणांतील करवंट्यांत, गच्चीवरच्या उघड्या टांकींत आणि कुत्र्याच्याच पाण्याच्या भांड्यांत आठ-आठ दिवस सांचलेलें पाणी ओतून देणें प्रत्येकाच्या हातांत आहे. कुत्र्याला सायंकाळीं व पहांटे जाळीच्या आंत घ्यावें; पिसवा वेळच्या वेळीं काढाव्यात, म्हणजे रेकॉन्डिटमचाही प्रश्न मिटतो.

तेव्हां कुत्र्याच्या रक्तांत कृमि आहेत असें कळलें, तर घरच्यांनीं पशुवैद्याला तीन प्रश्न क्रमानें विचारावेत. हा कृमि नक्की कोणता? तो हृदयकृमि असल्यास धमन्यांची व हृदयाची स्थिति काय आहे? आणि उपचाराच्या पांच महिन्यांत घरांत काय काय बंद ठेवावें लागेल? या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर पाळण्याची ज्या घराची तयारी आहे, त्या घरचा कुत्रा बहुधा वांचतो. त्याची दोरी सोडावयाची ती पशुवैद्यानें शेवटची सुई झाल्यानंतरचे आठवडे मोजून 'आतां सोडा' असें सांगितल्यावर. आणि मगही पहिल्या दिवशीं धक्क्यापर्यंत नव्हे, कोपऱ्यापर्यंतच, सावकाश.